पुरावा कोणी द्यायचा?

नागरिकत्वाचा प्रश्न हा कायदेपंडितांनी सोडवायचा प्रश्न आहे, अशी समजूत आपल्याही काही कार्यकर्त्यांत आढळते. ती घातक आहे. माणूस नागरिक कशाने ठरतो, जन्माने, रक्ताने, धर्माने की कागदाने, याच्या उत्तरावर कष्टकऱ्याचा मताधिकार आणि या देशात राहण्याचा त्याचा हक्कच अवलंबून असतो.

हा वाद नवा नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत विदर्भातील पंजाबराव देशमुख यांनी नागरिकत्व फार स्वस्त केले जात असल्याची तक्रार केली. अन्य देशाचा नागरिक नसलेला प्रत्येक हिंदू व शीख, तो कोठेही राहत असो, भारताच्या नागरिकत्वास पात्र ठरावा, अशी त्यांची दुरुस्ती होती. समितीने ती फेटाळली. डॉ. आंबेडकरांनी मांडलेल्या कलमांत जन्म, वास्तव्य व फाळणीतील स्थलांतर या कसोट्या होत्या. धर्म ही कसोटी नव्हती.

१९५५ च्या कायद्याने या भूमीवर जन्मलेला जवळजवळ प्रत्येकजण नागरिक मानला. पुढे दार अरुंद होत गेले. १ जुलै १९८७ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या आईबापांपैकी एकजण नागरिक असणे आवश्यक झाले. २००३ च्या दुरुस्तीने दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशीही अट घातली. २०१९ मध्ये तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा धर्मीयांना सवलत देताना मुसलमानांना वगळण्यात आले. छळामुळे परागंदा झालेल्यास आसरा द्यावा, याबद्दल दुमत नाही. पण मग श्रीलंकेतील तमिळ निर्वासिताने व म्यानमारमधील रोहिंग्याने कोणता अपराध केला?

आसामी जनतेची भाषा व जमीन यांविषयीची चिंता खोटी म्हणून उडवून लावता येणार नाही. १९८५ च्या करारामागे तीच होती. परंतु तिचे निवारण कसे झाले? ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९,०६,६५७ माणसे वगळली गेली. ज्यांचे कागद ब्रह्मपुत्रेच्या पुरात वाहून गेले, त्यांनी पूर्वजांचे दाखले आणायचे कोठून? लग्नानंतर गाव बदललेल्या लाखो स्त्रियांनी बापाशी नाते दाखवण्यासाठी पंचायतीचे दाखले जोडले. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तेही निरर्थक ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी पडताळणीच्या अटीवर ते ग्राह्य मानले.

मूळ दोष येथे आहे. खुनाचा आरोप सरकारने सिद्ध करायचा. पण आपण परकीय नाही, हे मात्र त्या माणसानेच सिद्ध करायचे. ब्रिटिशांच्या १९४६ च्या कायद्यातील ही तरतूद २०२५ च्या नव्या कायद्यानेही कायम ठेवली आहे. श्रीमंताची कागदपत्रे तिजोरीत असतात. उसाच्या फडात जन्मलेल्या मुलाची नोंद कोणत्या कचेरीत असते?

म्हणून आपल्या शाखांनी दोन कामे हाती घ्यावीत. वस्तीतील जन्मनोंदी व दाखले मिळवून देण्याचे रोजचे काम. आणि पुराव्याचा भार सरकारवर टाकणारा कायदा व्हावा, यासाठी चळवळ. पहिल्यावाचून दुसरे पोकळ ठरेल आणि दुसऱ्यावाचून पहिले कधी संपणार नाही.