चित्रतुरग आणि हुडकेश्वरचा पाऊस

मराठी समीक्षेत उसन्या संज्ञांचे एक ठरावीक भवितव्य असते. ज्या ज्ञानशाखेत संज्ञा जन्मली तिथले तिचे काम विसरले जाते आणि ती चलनी नाण्यासारखी चर्चासत्रांतून फिरू लागते. ‘सिम्युलेशन’ या संज्ञेचे असेच झाले आहे. जाँ बोद्रियार यांच्या १९८१ च्या ग्रंथातून निघालेला धागा आता थेट विज्ञानव्यवहारापर्यंत ओढला जातो. वैज्ञानिकही आता निसर्गाकडे पाहत नाहीत, संगणकाच्या पडद्यावरील प्रतिरूपाकडे पाहतात. त्यांचे हवामान हीसुद्धा एक संहिताच. सबब कादंबरी आणि पर्जन्याचे भाकीत यांत प्रकारभेद नाही, भेद आहे तो केवळ सामाजिक प्रतिष्ठेचा, अशी ही मांडणी. ती चमकदार आहे आणि समीक्षकाला विज्ञानाच्या पंगतीला विनासायास बसवणारी आहे. ती चुकीचीही आहे, आणि तिची चूक साहित्यविचाराच्याच परिभाषेत दाखवता येते.

प्रथम या पक्षाच्या हाती असलेला सर्वांत बळकट पुरावा मान्य करणे न्यायाचे होईल. १९९४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नेओमी ओरेस्केस, क्रिस्टिन श्रेडर-फ्रेशेट आणि केनेथ बेलिट्झ यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. भूविज्ञानातील संख्यात्मक प्रतिमानांचे सत्यापन तत्त्वतःच अशक्य आहे, असे त्यात प्रतिपादले होते. निसर्गातील व्यवस्था खुल्या असतात. त्यांच्याविषयीची आपली माहिती कधीच पुरी नसते. आणि प्रतिमानाचे उत्तर निरीक्षणाशी जुळले तरी दोन चुकांनी एकमेकींना खोडून काढले असण्याची शक्यता उरतेच. त्याच निबंधात प्रतिमानाची तुलना कादंबरीशी केलेली आहे. समीक्षकांना आणखी काय हवे? परंतु याच ओरेस्केस यांनी २०१० मध्ये एरिक कॉनवे यांच्यासह हवामानविज्ञानाविषयी जाणीवपूर्वक संशय पेरणाऱ्यांच्या कारवायांवर एक विस्तृत ग्रंथ लिहिला. सत्यापन अशक्य म्हणजे सर्व प्रतिमाने सारखीच, असे त्यांना कधीही म्हणायचे नव्हते. कादंबरीची उपमा उचलणाऱ्यांनी निबंधाचा उरलेला भाग वाचला असता तरी हे कळले असते.

वादाला जमिनीवर आणण्यासाठी एखादी जागा घ्यावी. नागपूरच्या दक्षिणेला, शेतजमिनींवर ले-आऊट पडत पडत शहरात मिसळलेले हुडकेश्वर घ्यावे. पावसाचे भाकीत करणारे गतिकीय प्रतिमान हुडकेश्वर ओळखत नाही. ते पृथ्वीभोवतीच्या हवेवर एक जाळी टाकते आणि जाळीच्या प्रत्येक चौकटीला दाब, तापमान, आर्द्रता, वारा यांची एकेक किंमत देते. ही चौकट सुमारे बारा किलोमीटरची असेल तर हुडकेश्वर आणि सोनेगावचा विमानतळ एकाच चौकटीत पडू शकतात. मग दोन्हींचा पाऊस एकच. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ ही चौकट सहा किलोमीटरवर आणते. प्रगती मोठी आहे. तरीही वळवाचा जो ढग हुडकेश्वरवर कोसळतो आणि शेजारच्या वस्तीला कोरडे ठेवतो, त्याच्यातील वर चढणारे झोत या चौकटीपेक्षाही अरुंद असतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. अशा पावसाची घडण चौकटींच्या आत होते, चौकटींच्या भाषेत नव्हे.

जे चौकटीत मावत नाही त्याचे काय करायचे? त्याचे ‘प्राचलीकरण’ केले जाते. ढग प्रत्यक्ष उभा न करता, चौकटीतील हवा अमुक स्थितीत असेल तर तिथल्या ढगांनी एकंदर किती उष्णता वर नेली असती आणि किती पाणी खाली आणले असते, याचे एक सूत्र घातले जाते. प्रतिमानातील या ढगाला आकार नसतो. फक्त परिणाम असतो. सूत्रातील काही अंक सिद्धांतातून येतात, काही मोजमापांतून, आणि काही, स्पष्टच बोलायचे तर, उत्तर जुळेपर्यंत फिरवले जातात. ही केवळ हवामानशास्त्राची खोड नव्हे. आघाततरंगांचे गणित संगणकाला झेपावे म्हणून फॉन नॉयमान आणि रिश्टमायर यांनी १९५० मध्ये समीकरणांत एक कृत्रिम श्यानता घातली. निसर्गात ती नाही हे त्यांना पुरते ठाऊक होते. एरिक विन्सबर्ग यांच्यासारखे विज्ञानाचे तत्त्वज्ञ अशा घटकांना सरळ ‘कल्पिते’ म्हणतात.

म्हणजे विज्ञानाच्या पोटात कल्पित आहे. येथवर समीक्षकपक्ष बरोबर आहे. परंतु कल्पित आढळले की चौकशी संपली असे मानणारी समीक्षा स्वतःच्या परंपरेलाही पारखी झालेली असते. रंगमंचावरील नट पाहताना प्रेक्षकाला होणारी ‘हा राम’ ही प्रतीती कोणत्या जातीची, हा प्रश्न श्रीशंकुकाने हजार-अकराशे वर्षांपूर्वी विचारला. त्याचा ग्रंथ लुप्त झाला. मत अभिनवगुप्ताने खंडनासाठी का होईना, जपून ठेवले. ही प्रतीती सम्यक् नाही, मिथ्या नाही, संशयाची नाही आणि सादृश्याचीही नाही. ती चित्रातल्या घोड्याला घोडा म्हणण्यासारखी आहे. संगणकीय प्रतिरूपणाला हा चित्रतुरगन्याय जितका लागू पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडेल. (‘प्रतिरूपण’ हा मराठी शब्दही येथे थोडी दिशाभूल करतो. प्रतिमान पावसाचे रूप उतरवत नाही; काही गोष्टी गृहीत धरल्यास पुढे काय ओघाने येते ते मोजते.)

शंकुकाने येथेच थांबून ‘सारेच चित्र’ असे म्हटले नाही. कृत्रिम चिन्हांवरून झालेले अनुमान फलदायी कसे ठरते, हे सांगण्यासाठी त्याने धर्मकीर्तीचा दृष्टांत घेतला. एक जण रत्नाची प्रभा पाहून तिलाच रत्न समजतो आणि धावतो. दुसरा दिव्याची प्रभा पाहून तिला रत्न समजतो आणि धावतो. ज्ञान म्हणून दोघांचेही चुकलेले आहे. पण पहिल्याच्या हाती रत्न लागते, दुसऱ्याच्या नाही. अर्थक्रियेत भेद आहे. हा भेद जागेवर बसून दोन प्रभांचे कितीही सूक्ष्म वाचन केले तरी दिसत नाही; त्यासाठी तिथवर जावे लागते. ‘दोन्ही प्रभाच’ एवढे सांगून थांबणारा समीक्षक खोटे बोलत नाही. तो जागचा हललेला नसतो इतकेच.

मोसमी पावसाच्या भाकितात हे धावणे अक्षरशः पाहायला मिळते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘मान्सून मिशन’साठी अमेरिकेतून घेतलेले सागर-वातावरण प्रतिमान भारतीय भूभागावर वास्तवापेक्षा कमी पाऊस पाडते, हा त्याचा प्रसिद्ध दोष आहे. तरीही त्याचे भाकीत वापरले जाते, कारण विश्वास त्याच्या पावसावर ठेवलेला नसतो. यंदाचा त्याचा पाऊस त्याच्याच सरासरीपासून किती ढळला, हे पाहिले जाते आणि मागील वर्षांच्या प्रत्यक्ष नोंदींशी ताडून दुरुस्ती केली जाते. प्रतिमान खोटे बोलते, पण कोणत्या बाजूला आणि साधारण किती, हे माहीत असते. एखाद्या कादंबरीविषयी असे विधान कोणी करू शकेल का? करू शकत नसेल तर तो कादंबरीचा कमीपणा नव्हे. तिचा व्यवहारच निराळा आहे, आणि नेमके हेच समीक्षकपक्षाला नाकारायचे आहे.

फसण्याची मुभा हा या भेदाचा गाभा. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे प्रतिमान १९८८ पासून वापरात होते. ते सांख्यिकी होते, आजच्या अर्थाने प्रतिरूपण नव्हे. पण २००२ मध्ये त्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला, पडला ८१ टक्के, आणि पुढल्याच वर्षी त्याची जागा नव्या प्रतिमानांनी घेतली. मराठी समीक्षेतले कोणते प्रतिमान एका दुष्काळाने बाद झाले आहे?

तथापि दुसऱ्या पक्षालाही मोकळे सोडता येत नाही. प्रतिरूपण म्हणजे ‘संगणकातला प्रयोग’, असे वैज्ञानिक मंडळी सहज म्हणून जातात. प्रयोगात निसर्ग नकार देऊ शकतो. प्रतिरूपणाच्या आत निसर्ग उपस्थितच नसतो. न्यायदर्शनाची परिभाषा येथे अधिक नेमकी आहे. नैयायिक तर्काला प्रमाण मानत नाहीत. तो प्रमाणांचा अनुग्राहक, साहाय्यक. ‘वह्नी नसता तर धूमही नसता’ अशी त्याची धाटणी असते. प्रतिरूपणाचे उत्तमातले उत्तम काम याच धाटणीचे आहे. ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ल यांचा १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध पाहावा. समुद्राच्या पृष्ठाचे तापमान आदी सीमास्थिती त्याच ठेवून आणि आरंभीची हवा थोडी बदलून त्यांनी प्रतिमान अनेकदा चालवले. मध्य अक्षांशांत प्रतिमानाच्या आवर्तनांतील फरक निसर्गातील वर्षावर्षांच्या फरकाएवढाच निघाला. मोसमी प्रदेशात मात्र तो निसर्गातल्यापेक्षा पुष्कळ कमी निघाला. सीमास्थितींचा हात नसता तर मोसमी पाऊस वर्षागणिक इतका बदललाच नसता. तो बदलतो, त्या अर्थी हात आहे. आठवड्यापलीकडची हवा सांगता येत नसतानाही हंगामाचा पाऊस काही अंशी का सांगता यावा, याचे उत्तर येथून मिळू लागले. यातील निर्णायक शब्द ‘तो बदलतो’ हे आहेत, आणि ते संगणकाने सांगितलेले नाहीत. ते पर्जन्यमापकांनी सांगितले.

प्रतिरूपणाच्या तत्त्वज्ञानात नवे काही नाही, जुन्याच प्रश्नांची ती खिचडी आहे, असे रोमान फ्रिग आणि युलियन राईस यांनी २००९ मध्ये म्हटले. पॉल हम्फ्रीज यांचे उत्तर असे की लक्षावधी पायऱ्यांचे हे गणित कोणाही एका माणसाला आरपार तपासता येत नाही, आणि ही अपारदर्शकता नवी आहे. हम्फ्रीज यांचे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. तर्क जितका अपारदर्शक, तितका तो प्रमाणाच्या आसनावर सहज जाऊन बसतो. आज सर्वत्र वापरली जाणारी ‘पुनर्विश्लेषणे’ पाहावीत: विखुरलेली निरीक्षणे प्रतिमानातून गाळून, चौकटी-चौकटींत सलग भरलेले आकडे. मोसमी प्रदेशासाठी १९७९ पासूनचे, बारा किलोमीटरच्या जाळीवरचे असे एक पुनर्विश्लेषण भारतात उपलब्ध आहे. काम मोलाचेच. पण पदव्युत्तर प्रबंधात त्यातला एखादा आकडा ‘हुडकेश्वर येथे नोंदलेला पाऊस’ म्हणून अवतरला की तर्क प्रत्यक्षाचा वेश घेऊन उभा राहतो. तिथे कोणीही काहीही नोंदलेले नसते. त्या आकड्यात मोजलेले किती आणि भरलेले किती, हे संशोधकाला सांगता यायला हवे.

यावर प्रतिपक्ष विचारील, प्रत्यक्ष तरी कुठे शुद्ध आहे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नागपुरातच मिळते. ३० मे २०२४ रोजी शहरातील रामदासपेठ भागातल्या स्वयंचलित केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले. आकडा जागतिक विक्रमाच्या उंबरठ्यावरचा होता. हवामान विभागाने संवेदक बिघडल्याचे सांगून तो फेटाळला. सिद्धांताला न मानवणारे निरीक्षण सिद्धांताने गिळले, असे वाचन येथे तयारच असते. पण आकडा फेटाळला गेला तो प्रतिमानाला रुचला नाही म्हणून नव्हे. खापरी आणि रामटेक येथील केंद्रे त्याच दिवशी ४४ अंशांच्या घरात होती. एका साक्षीदाराची साक्ष इतर साक्षीदारांपुढे टिकली नाही. संवेदक खाली काढता येतो, दुसऱ्याशेजारी ठेवता येतो, त्याची चूक किती अंशांची हे मोजता येते. प्रतिमानातील कल्पित ढगालाही अखेर अशाच साक्षीदारांपुढे उभे राहावे लागते. आणि सहा किलोमीटरच्या चौकटीत असे साक्षीदार किती आहेत, हा प्रश्न ना बोद्रियारच्या वाचकांनी विचारला आहे, ना गावोगावच्या अचूक भाकिताची ग्वाही देणाऱ्यांनी.