पाणचक्कीचा खेळ आपणच का बनवू नये?

विज्ञानाचा खेळ म्हणून मुलांच्या मोबाइलवर जे येतं, ती बहुतेकदा प्रश्नपत्रिकाच असते. चार पर्याय, बरोबर उत्तराला टाळ्या, चुकीला लाल फुली. खऱ्या खेळात मुलाला काहीतरी बदलता यावं आणि त्याचा परिणाम निसर्गाच्या नियमाने दिसावा. असा साधा खेळ शिक्षकाने स्वतः बनवावा, असं माझं मत आहे.

विषय जवळच आहे. करमाडच्या शाळेची सहल शहरात गेली की पाणचक्की पाहिली जातेच. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ उंच भिंतीवरून पाणी कोसळतं. मोटार नाही, वीज नाही. मग पाणी एवढ्या वर चढलं कसं? कारण त्याचा उगम भिंतीहूनही उंचावर आहे. बंद नळातून पाणी खाली उतरताना दाब वाढतो, दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका. त्याच दाबाने ते पुन्हा वर चढतं, पण उगमाच्या पातळीपर्यंत पोचत नाही. घर्षणात थोडी उंची जाते.

खेळात तीन सरकपट्ट्या पुरेत: उगमाची उंची, नळाची लांबी, भिंतीची उंची. मुलाने आधी अंदाज सांगायचा, मग पाणी सोडायचं. भिंत उगमाहून उंच केली तर चक्की थांबलीच पाहिजे. ‘चूक’ असं लिहून दाखवायची गरज नाही. एचटीएमएलची एक फाइल आणि थोडी जावास्क्रिप्ट एवढ्यात हे होतं. फाइल मोबाइलवर घेतली की इंटरनेटशिवायही चालते.

कोणी म्हणेल, बाटली आणि रबरी नळीने हे शिकवता येतं. जरूर शिकवावं, तेही आधी. पण डोंगरापासून शहरापर्यंतची नहर वर्गात मावत नाही. कोणी म्हणेल, कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेला ‘फेट’ प्रकल्प मोफत आहे. तोही वापरावा. पण त्यात आपली पाणचक्की नाही. शिवाय आपल्या खेळात मराठी ‘पातळी’ आणि उर्दू ‘सतह’ शेजारी ठेवता येतात. उर्दू निवडली की मजकूर उजवीकडून सुरू व्हावा, एवढी काळजी घ्यावी.

मला हे महत्त्वाचं वाटतं, त्याला आणखी एक कारण आहे. 1610 मध्ये खडकी वसवणाऱ्या मलिक अंबरचं नाव आपल्या मुलांना भाषणांतून माहीत होतं, तेही लढवय्या म्हणून. त्याने शहराला नहर-ए-अंबरीचं पाणी दिलं, हे क्वचितच सांगितलं जातं. ते पाणी कोणत्या हिशोबाने आलं, हे तर नाहीच. मिरवणुकीत नाव घेणाऱ्या मुलाला नहरीचा उतार समजावून सांगता आला, तर तो अभिमान त्याच्या स्वतःच्या समजुतीवर उभा राहील. आणि त्याच्या बाकावरच्या हिंदू मित्रालाही ती नहर आपल्या शहराची वाटेल.

येत्या सुट्टीत एका शिक्षकाने दोन सरकपट्ट्यांचा खेळ केला तरी सुरुवात होईल. तिसरी पट्टी मुलंच मागतील.