न्यायदानातील काटकसर

हिंगणघाट शहरात ३ फेब्रुवारी २०२० रोजी सकाळी महाविद्यालयाकडे निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला पेटवून देण्यात आले. सात दिवस मृत्यूशी झुंज देऊन १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिने प्राण सोडला. त्या आठवड्यात वर्धा जिल्हाच नव्हे, तर सारा महाराष्ट्र हळहळला आणि संतापलाही. मोर्चे निघाले, बाजारपेठा बंद राहिल्या. शासनानेही तत्परतेने दोन घोषणा केल्या. हा खटला जलदगतीने चालविला जाईल ही पहिली, आणि अशा गुन्ह्यांसाठी आंध्र प्रदेशाच्या धर्तीवर कडक कायदा केला जाईल ही दुसरी. पोलिसांनी आपले काम चोख बजावले. महिन्याच्या आत आरोपपत्र न्यायालयात दाखल झाले. उज्ज्वल निकम यांच्यासारख्या नामांकित विधिज्ञाकडे सरकार पक्षाची बाजू सोपविण्यात आली. इतके सारे होऊन आरोपीला जन्मठेपेची शिक्षा सुनावली गेली ती १० फेब्रुवारी २०२२ रोजी, म्हणजे त्या तरुणीच्या मृत्यूनंतर बरोबर दोन वर्षांनी.

या विलंबाचा दोष एकट्या न्यायालयाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मार्च २०२० पासून कोरोनाच्या साथीने सगळेच व्यवहार ठप्प झाले होते, आणि न्यायालये त्यास अपवाद नव्हती. शिवाय आपल्याकडील एकंदर गती पाहता खुनाच्या खटल्याचा निकाल दोन वर्षांत लागणे हे जलदच म्हटले पाहिजे. पण खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. सारा महाराष्ट्र ज्या खटल्याकडे डोळे लावून बसला होता, मंत्र्यांनी ज्यात जातीने लक्ष घातले होते, त्याला दोन वर्षे लागली. मग ज्याच्यासाठी कोणी मोर्चा काढीत नाही, अशा आर्वी वा आष्टी तालुक्यातील एखाद्या सामान्य माणसाच्या फिर्यादीला किती वर्षे लागावीत? महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत प्रलंबित असलेल्या प्रकरणांची संख्या पन्नास लाखांच्या पुढे गेली आहे, एवढे सांगितले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर निराळे द्यावयास नको.

हिंगणघाटच्या घटनेला तीन महिने होतात न होतात तोच, ४ मे २०२० रोजी, राज्याच्या वित्त विभागाने एक निर्णय काढला. त्या आर्थिक वर्षात विकासकामांवरील खर्च मंजूर तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंतच करावा आणि नवी नोकरभरती करू नये, असे त्याचे सार होते. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, अन्न व नागरी पुरवठा, मदत व पुनर्वसन अशा काही खात्यांना प्राधान्य मिळाले. विधी व न्याय खात्याचा त्यांत समावेश नव्हता. साथीच्या काळात महसूल आटला असता शासनाने हात आखडता घेतला, यात नवल नाही. कोणत्याही सरकारला ते करावेच लागले असते. मात्र फेब्रुवारीतील घोषणा आणि मे महिन्यातील निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर आपल्या राज्यकारभाराचा एक जुना स्वभाव त्यातून स्पष्ट होतो. न्यायाचे आश्वासन गृहमंत्री देतात आणि त्याचा हिशेब वित्त विभाग करतो. या दोघांची गाठ क्वचितच पडते.

न्यायालये किंवा पोलीस यांच्यावरील खर्चात कपात केली, असे कोणताही अर्थमंत्री विधानसभेत उभा राहून सांगत नाही. अर्थसंकल्पातील आकडा तर दरवर्षी थोडाफार वाढलेलाच दिसतो. कपातीचे सर्वांत सोयीचे रूप म्हणजे रिक्त पद. निवृत्त झालेल्या लिपिकाच्या जागी दुसरा नेमला नाही, सरकारी अभियोक्त्याची जागा वर्षभर भरली नाही, न्यायसहायक प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञाचे पद 'आकृतिबंध मंजूर होईपर्यंत' तसेच ठेवले, की दरमहा तेवढा पगार आपोआप वाचतो. त्यासाठी ना विधेयक लागते, ना चर्चा. वाचलेला पगार हिशेबात दिसतो. व्हिसेराचा अहवाल न आल्यामुळे पुढे ढकललेली तारीख कोणत्याही हिशेबात दिसत नाही. शिक्षकांच्या रिक्त जागांचा अनुभव गाठीशी असलेल्या वाचकांस ही रीत नवी वाटू नये.

हिंगणघाट प्रकरणातून जन्माला आलेल्या 'शक्ती' विधेयकाची कहाणी या दृष्टीने उद्बोधक आहे. डिसेंबर २०२० मध्ये मांडलेल्या मूळ मसुद्यात तपास पंधरा दिवसांत आणि खटला तीस दिवसांत पुरा करण्याची मुदत घातली होती. पुढे संयुक्त समितीने त्यात फेरफार केले आणि डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने ते संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात मात्र आले नाही. समजा, ते अमलात आले असते, तर? तीस दिवसांत खटला संपविण्यासाठी लागणारे न्यायाधीश, लघुलेखक, बेलीफ, प्रयोगशाळा ही कोठून यावयाची होती? कायदा करण्यास कागदापलीकडे फारसा खर्च येत नाही. तो पाळण्यास माणसे लागतात, आणि माणसांना दरमहा वेतन द्यावे लागते. अशा मुदतींची आपल्याकडे मुळीच वाण नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत तो निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे स्पष्टपणे लिहिलेले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक ठरविले, आणि त्याची तयारी करण्यास राज्यांना पाच वर्षांची सवलतही दिली. त्या पाच वर्षांत पदे भरली जातात की नाही, यावरच त्या कलमाचे भवितव्य ठरणार आहे.

जलदगती न्यायालयांचा इतिहासही याहून वेगळा नाही. अकराव्या वित्त आयोगाने देशभरात १,७३४ जलदगती न्यायालयांसाठी सुमारे ५०३ कोटी रुपयांची शिफारस केली. ती न्यायालये सुरू झाली, लाखो प्रकरणे त्यांनी निकालात काढली. ३१ मार्च २०११ रोजी केंद्राने आपला हात काढून घेतला आणि हा भार राज्यांच्या खांद्यांवर आला. पुढे चौदाव्या वित्त आयोगाने १,८०० जलदगती न्यायालयांसाठी ४,१४४ कोटींचा प्रस्ताव उचलून धरला खरा. पण ती रक्कम निराळी न देता, केंद्रीय करांतील राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्के केला आहे, त्यातूनच ती खर्चावी, असे सुचविले. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, या न्यायाने त्याचे काय झाले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. दिल्लीसारखा अपवाद सोडला, तर आपल्या एकूण खर्चाचा एक टक्काही न्यायव्यवस्थेवर खर्च न करणे ही देशातील बहुतेक राज्यांची वर्षानुवर्षांची प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दहा लाख लोकसंख्येमागे पन्नास न्यायाधीश पाच वर्षांत नेमण्यास सांगितले होते. दोन दशके उलटल्यावरही मंजूर पदांचे प्रमाण एकविसाच्या आसपास आहे, आणि प्रत्यक्ष काम करणारे त्याहून कमी. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन करताना सरन्यायाधीश रमणा यांनी, देशातील २६ टक्के न्यायालयीन संकुलांत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह नाही, असे मुख्यमंत्र्यांच्या समक्ष सांगितले. नव्या इमारतीच्या कोनशिलेजवळ हे बोलावे लागावे, यातच सारे आले.

सेवाग्रामच्या शेजारी राहून न्यायालये वाढवा म्हणणे काहींना चमत्कारिक वाटेल. 'हिंद स्वराज्य' मध्ये गांधीजींनी वकील आणि न्यायालये यांच्यावर कठोर टीका केली आहे, आणि गावचे तंटे गावातच मिटावेत ही त्यांची इच्छा सर्वश्रुत आहे. पण गांधीजींचा जिल्हा म्हणूनच शासनाने येथे दारूबंदी लागू केली. तिला आता पन्नास वर्षे झाली. हा निर्णय योग्य की अयोग्य, हा निराळा विषय. तो राबविण्याचा भार मात्र पोलीस शिपाई आणि न्यायदंडाधिकारी यांच्यावरच पडला आहे. गावठी दारूच्या भट्ट्यांवर छापे, जप्त मालाचे पंचनामे, साक्षीदारांचे समन्स, दंड आणि पुन्हा तोच आरोपी, हे चक्र वर्ध्यात अखंड चालू असते. इतर जिल्ह्यांतील मद्यावरील शुल्क वाढवून जून २०२५ मध्ये शासनाने वर्षाला १४,००० कोटींचे जादा उत्पन्न अपेक्षिले. वर्धा जिल्ह्यातून या शुल्काची अपेक्षा नाही. अपेक्षा आहे ती फक्त अंमलबजावणीची. बिहारमध्ये दारूबंदीच्या खटल्यांनी न्यायालये तुंबली, तेव्हा कायदा करताना दूरदृष्टी दाखविली नाही, असा ठपका त्याच रमणा यांनी डिसेंबर २०२१ मध्ये ठेवला होता. एखाद्या जिल्ह्यास निराळा कायदा लावावयाचा तर त्याला निराळे मनुष्यबळही द्यावे लागेल, इतका साधा विचार आपल्याकडेही अर्ध्या शतकात रुजू नये, याचे आश्चर्य वाटते.

न्यायालयांवरील खर्चात केलेली बचत शासनाच्या तिजोरीला तरी लाभते काय, हे तपासून पाहावयास हवे. त्यासाठी भूसंपादनाचे उदाहरण घेता येईल. निम्न वर्धा प्रकल्पासारख्या धरणांसाठी, कालव्यांसाठी, रस्त्यांसाठी विदर्भात हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. भूसंपादन अधिकाऱ्याने ठरविलेला मोबदला अपुरा वाटल्यास शेतकऱ्याला दाद मागता येते, आणि दर वाढवून मिळाला तर वाढीव रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी नऊ टक्के व पुढे दरवर्षी पंधरा टक्के व्याज द्यावे लागते. १८९४ च्या जुन्या कायद्यात ही तरतूद होती आणि २०१३ च्या नव्या कायद्यातही तेच दर कायम आहेत. आता उदाहरणादाखल दहा लाखांची वाढ मंजूर झाली आणि ती होण्यास दहा वर्षे लागली, असे धरा. व्याजच चौदा लाख चाळीस हजार रुपये होते, म्हणजे मूळ वाढीच्या जवळजवळ दीडपट! ही रक्कम शासनाला वा त्याच्या महामंडळाला, अर्थातच करदात्याला, भरावी लागते. बाजारातून कर्ज उभारताना राज्य सरकार यापेक्षा पुष्कळ कमी व्याज देते. न्यायाधीशाची जागा रिकामी ठेवून वाचविलेल्या पगाराचे हे असे पंधरा टक्क्यांचे ऋण होते. ते कोणत्याही अर्थसंकल्पाच्या ठळक आकड्यांत छापले जात नाही, एवढेच. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तरी त्यात आनंद मानण्यासारखे काही नाही. ज्या वर्षी मुलाच्या शिक्षणासाठी किंवा पेरणीसाठी पैसा हवा होता, त्या वर्षी तो मिळाला नाही, म्हणून सावकाराचे दार ठोठवावे लागले. आणि सावकाराचा दर पंधरा टक्क्यांवर थांबत नाही.

पैशाची ओढाताण आहे, हे खोटे नाही. मार्च २०२५ मध्ये अजित पवार यांनी मांडलेल्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटींची दाखविली होती, आणि राज्यावरील कर्जाचा अंदाज नऊ लाख कोटींच्या वर गेला होता. त्याच अर्थसंकल्पात 'लाडकी बहीण' योजनेसाठी ३६,००० कोटींची तरतूद होती. जानेवारी २०२५ मध्ये न्यायाधीशांच्या वेतन व निवृत्तिवेतनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भूषण गवई यांनी नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवले: अशा योजनांसाठी राज्यांपाशी पैसा असतो, न्यायाधीशांचा प्रश्न आला की आर्थिक अडचण पुढे केली जाते. गवई हे शेजारच्या अमरावतीचे. विदर्भाची स्थिती त्यांना कोणी सांगावयास नको होती.

तथापि या वादात दीड हजार रुपये घेणाऱ्या स्त्रीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे चुकीचे आहे. सेलू किंवा समुद्रपूर तालुक्यातील शेतमजूर बाईच्या संसारात त्या दीड हजारांना मोल आहे. परंतु हीच बाई नवऱ्याने घराबाहेर काढली म्हणून पोटगीसाठी न्यायालयात जाते, तेव्हा तिला तारखेमागून तारीख मिळते, आणि प्रत्येक तारखेला तिची मजुरी बुडते, बसचे भाडे जाते. दरमहा दीड हजार देणाऱ्या शासनाने तिची साठ दिवसांची मुदत पाळली असती, तर तिला हक्काने अधिक मिळाले असते, आणि तेही सरकारच्या तिजोरीतून नव्हे. १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, पैसा नाही ही सबब सांगून राज्याला शीघ्र न्यायाचा हक्क नाकारता येणार नाही, असे बजावले होते. त्यानंतर महाराष्ट्राने न्यायालयीन शुल्काची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर नेली. त्या शुल्काच्या बदल्यात पक्षकाराला काय मिळते, हे मात्र कोणी विचारले नाही.

आणि माणसे मिळत नाहीत म्हणावे, तर तेही खरे नाही. २०२४ च्या पोलीस भरतीत सतरा हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले. पहाटे मैदानावर धावण्याचा सराव करणारी मुले-मुली वर्धा जिल्ह्यातील प्रत्येक गावात दिसतात. त्यांतली कित्येक पदवीधर असतात. एका बाजूस काम पडून आहे, दुसऱ्या बाजूस काम मागणारे हात आहेत, आणि मध्ये वित्त विभागाची मंजुरी अडली आहे. २०२३ साली मुंबई पोलिसांसाठी राज्य सुरक्षा महामंडळाचे तीन हजार जवान अकरा महिन्यांच्या कराराने घेण्याचा मार्ग शासनाने काढला. कराराने आलेल्या जवानाला गुन्ह्याचा तपास करता येत नाही. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यांत गरज आहे ती तपास करणाऱ्यांची.

आर्वी, देवळी, हिंगणघाट आणि वर्धा या मतदारसंघांतून चार आमदार विधानसभेत जातात. अर्थसंकल्पी अधिवेशनात खात्याखात्यांच्या मागण्या मतास टाकल्या जातात आणि वेळ संपला म्हणून त्यांतील अनेक चर्चेविनाच मंजूर होतात. विधी व न्याय आणि गृह या दोन खात्यांच्या मागण्यांच्या वेळी या चौघांनी मिळून एवढी माहिती तरी मागावी: जिल्ह्यातील न्यायाधीश, सरकारी अभियोक्ते, न्यायालयीन कर्मचारी व पोलीस यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी पदे केव्हापासून रिकामी आहेत, आणि भूसंपादनाच्या दाव्यांत विलंबापोटी गेल्या दहा वर्षांत व्याज म्हणून किती रक्कम दिली गेली. उत्तर लेखी मिळाले तरी चालेल. ते आल्यावर वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी येथील वकील संघांनी ते न्यायालयाच्या आवारातील सूचनाफलकावर लावावे, तारखेसाठी ताटकळत उभ्या असलेल्या पक्षकारांना ते वाचण्यास वेळ पुष्कळ असतो.