अंबरचा वास आणि घरची धुरी

गल्फहून रजेवर आलेल्या माणसाच्या बॅगेतून काजूच्या आकाराची अत्तराची बाटली निघते, हे पेडण्या-डिचोलीत कुणाला नवे नाही. बाटलीवर 'अंबर' लिहिलेले. वास कसा आहे म्हणून विचारा, उत्तर ठरलेले: "स्ट्राँग!" खमंग, खवट, कुबट, उग्र, घमघमाट, दरवळ... एवढे शब्द असलेल्या भाषेतली माणसे आपण, आणि सुगंधापाशी आलो की असे मुके का होतो?

अंबर हा मूळचा देवमाशाच्या, म्हणजे स्पर्म व्हेलच्या, आतड्यात तयार होणारा पदार्थ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे त्याचा व्यापार गुन्हा आहे. पण घाबरू नका, बाटलीतल्या अंबरात सहसा तो नसतोच. नाव तेवढे उरले. आत असतो लॅब्डनम नावाचा, भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाचा चीक, व्हॅनिला आणि चक्क आपला ऊद! (गल्फवाले ज्याला ऊद म्हणतात ते अगरूचे लाकूड. आपला ऊद म्हणजे लोबान. दोन्हींची गल्लत नको.)

सुमात्राकडून येणाऱ्या ह्या चिकाला अरब व्यापारी 'लुबान जावी' म्हणत. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याचे 'बेंजोईं' झाले आणि इंग्रजीत बेंझॉइन. गार्सिया द ओर्ताचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात अंबरवर एक आणि बेंजोईंवर एक असे स्वतंत्र संवाद आहेत. पॅरिसच्या गेरलँचे प्रसिद्ध 'शालिमार' आले १९२५ साली. ह्या वासांच्या घराण्याला तिकडचे लोक बराच काळ 'ओरिएंटल' म्हणत आले. २०२१ साली मायकेल एडवर्ड्स ह्यांनी आपल्या वर्गीकरणातून तो शब्द काढून 'अंबर' असा शब्द घेतला. बरे केले. आमच्या देवघरातला वास आम्हांला कसला 'पौर्वात्य'?

अंबर प्रथम नाकाला लागतो तो काकवीसारखा गोड. मग राळेचा किंचित धुरकटपणा येतो, आणि शेवटी अंगाला चिकटून राहते ती ऊब. राळा आणि व्हॅनिलिन सावकाश उडतात, म्हणून दुसऱ्या दिवशीही शर्टाला वास असतो. आता आठवा बाळंतिणीची खोली. बाहेर आषाढ कोसळतोय, भिंतींना ओल, आणि शेगडीतल्या निखाऱ्यांवर ऊद नि ओवा. बाळाची दुपटी त्या धुरावर धरलेली. त्या दुपट्यांना जो वास यायचा, तोच हा, फक्त ओवा वजा करून. ती ऊब शोभेची नव्हती, कुबटपणा घालवायला होती.

म्हणूनच माझे मत असे, की अंबर हा आपल्याकडे पावसाळ्याचा वास आहे. मे महिन्यात लाईट गेलेल्या कचेरीत, काउंटरपुढे रांग लागलेली असताना कुणी तो अंगभर फासून येतो, तेव्हा फाईलसुद्धा नाक मुरडत असेल! उन्हाळ्याला मोगरा आहे. त्याच्या थोडी आधी सुरंगी येते. सुरंगीचा वळेसर सुकला तरी त्याचा मधासारखा उबदार वास जात नाही. अंबरच्या सर्वांत जवळचे आपले फूल तेच.

आता बाजारात ऊद मागितला तर पुष्कळदा धुपाचा काळा कोन पुढे येतो. तो परत करावा आणि खडे मागावेत, पांढरट ठिपक्यांचे, तपकिरी. बाटली जूनपर्यंत कपाटात राहू दे.