बोस्टनचा रस्ता आणि १९९४ सालचा आकडा

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ज्या कुटुंबाने एकदा घर बांधले आहे, त्याला या म्हणीचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागत नाही. पाया खणताना लागलेला कातळ, मध्येच चढलेला सिमेंट-सळईचा भाव आणि भिंती उभ्या राहिल्यावर घरच्या मंडळींना सुचलेली आणखी एक खोली, या तिन्ही गोष्टी मूळ अंदाजात नसतात. शहराचा रस्ता सुधारणाऱ्यांच्या वाटेलाही हीच तीन संकटे येतात. फरक इतकाच की आकडे फार मोठे असतात आणि पैसा दुसऱ्याचा असतो. अमेरिकेतील बोस्टन शहराने आपल्या मधोमध जाणारा महामार्ग जमिनीखाली नेला. त्या कामाला लोकांनी ‘बिग डिग’, म्हणजे मोठे खणकाम, असे नाव ठेवले. वाढत्या खर्चाचा प्रश्न समजून घ्यायचा असेल, तर या कामाचा हिशोब मुळापासून पाहण्याजोगा आहे.

हा जुना रस्ता खांबांवर उभारलेला, सहा मार्गिकांचा होता. १९५९ साली तो सुरू झाला तेव्हा दिवसाकाठी सुमारे ७५ हजार वाहने त्यावरून सुखाने जात. १९९० च्या दशकाच्या आरंभी ही संख्या दोन लाखांवर पोहोचली. दिवसातले दहा तास वाहतूक मुंगीच्या पावलाने सरके आणि अपघातांचे प्रमाण देशातील शहरी महामार्गांच्या सरासरीच्या चौपट होते. शिवाय या लोखंडी सांगाड्याने जुन्या वस्त्या आणि बंदराचा काठ मुख्य शहरापासून तोडून टाकला होता. रस्ता सुधारणे गरजेचे होते, याविषयी तेव्हाही वाद नव्हता आणि आजही नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्याचे वाहतूक सचिव फ्रेड साल्वुची यांनी हा रस्ता भूमिगत करण्याची कल्पना नेटाने लावून धरली आणि बंदराखालून विमानतळाकडे जाणारा नवा बोगदा तिला जोडून घेतला. केंद्रीय निधीचा मार्ग १९८७ साली मोकळा झाला, तोही मोठ्या कष्टाने. अध्यक्ष रेगन यांनी त्या कायद्यावर नकाराधिकार वापरला होता आणि काँग्रेसने तो मोडून काढला. १९९१ मध्ये काम सुरू झाले.

आता आकड्यांकडे वळू. मूळ अंदाज २८० कोटी डॉलरचा होता आणि अखेरचा खर्च सुमारे १,४६० कोटी डॉलर झाला. पाचपट वाढ, असे म्हणून बहुतेक लोक येथेच थांबतात. पण मूळ अंदाज १९८२ च्या किमतींवर मांडलेला होता आणि खर्च पुढची पंचवीस वर्षे होत राहिला. अखेरचा खर्च १९८२ च्याच किमतींत मोजला, तर तो सुमारे ८०८ कोटी भरतो. म्हणजे खरी वाढ तिपटीच्या थोडी आत आहे. उरलेले ६५० कोटी डॉलर निव्वळ महागाईच्या खाती जातात. कोणत्या सालचा रुपया आणि कोणत्या सालचा डॉलर, हे विचारल्यावाचून खर्चवाढीची टक्केवारी सांगणे म्हणजे आजोबांच्या पगाराशी नातवाच्या पगाराची तुलना करण्यासारखे आहे. मात्र याचा दुसरा अर्थही लक्षात घ्यावा लागतो. काम बारा-पंधरा वर्षे चालणार हे ठाऊक असताना महागाई धरलीच नाही, तर लोकांपुढे ठेवलेला आकडा पहिल्या दिवसापासूनच अपुरा असतो.

खरी वाढ कशाने झाली? सर्वांत आधी जमिनीने केली. बोस्टनचा मोठा भाग भराव घालून समुद्रातून मिळवलेला आहे. त्या भरावात जुने पाये, गाडलेली जहाजे आणि हिमनदीने वाहून आणलेले दगड होते. पाणी आत येऊ नये म्हणून खोल चर खणून त्यात काँक्रीटच्या भिंती ओताव्या लागल्या. मुंबईच्या भुयारी मेट्रोच्या निमित्ताने आपल्याकडेही ‘डायाफ्राम भिंत’ हा शब्द आता ओळखीचा झाला आहे, तोच हा प्रकार. याहून अवघड अट अशी की खालचे खोदकाम चालू असताना वरचा जुना रस्ता एक दिवसही बंद ठेवायचा नव्हता. त्यामुळे जुन्या खांबांवरचा भार आधी नव्या भिंतींवर तोललेल्या तुळयांवर घेतला आणि मग खांबांखालची माती उकरली. साउथ स्टेशनजवळ तर गाड्या धावत असताना रुळांखालची माती थंड क्षारपाण्याच्या नळ्या घालून गोठवली आणि बोगद्याची काँक्रीटची पेटी तिच्यातून हळूहळू पुढे रेटली. हृदयावर शस्त्रक्रिया करायची आणि रोग्याने कचेरीतही जायचे, असाच हा मामला होता.

दुसरे कारण आपल्याकडच्या कोणत्याही नगरसेवकाला सांगता येईल: जमिनीखालच्या वाहिन्या. गॅस, वीज, दूरध्वनी, पाणी, सांडपाणी मिळून सुमारे २९ मैल लांबीच्या वाहिन्या हलवाव्या लागल्या आणि त्यांची मालकी ३१ निरनिराळ्या कंपन्यांकडे होती. नकाशात वाहिनी एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे, हा अनुभव काही फक्त भारतातल्या रस्त्यांचा नाही.

तिसरे कारण म्हणजे कामाची वाढत गेलेली व्याप्ती. चार्ल्स नदी ओलांडण्याचा पहिला आराखडा लोकांना मुळीच रुचला नाही. तो बदलून आजचा देखणा पूल आला. पर्यावरणवाद्यांच्या दाव्याचे सावट होते म्हणून सार्वजनिक वाहतुकीची कामे करण्याचे वचन द्यावे लागले आणि त्या कर्जाचा भार पुढे शहराच्या रेल्वे-बससेवेच्या माथी बसला. यातल्या बऱ्याच मागण्या रास्त होत्या. रास्त मागणीलाही पैसे लागतात, एवढेच.

खर्च आवरण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. प्रत्येक कंत्राटदाराने स्वतंत्र विमा काढून त्याचा हप्ता निविदेत मिळवण्याऐवजी मालकानेच सर्वांचा एकत्रित विमा उतरवला. त्यामुळे हप्ते वाचले, कामगारांच्या सुरक्षिततेवर एकाच जागेहून नजर राहिली आणि दावे भीतीपेक्षा कमी आले. काम ११८ बांधकाम कंत्राटांत विभागले होते. याने अधिक कंपन्यांना निविदा भरता आल्या खऱ्या, पण एकाचे काम रखडले की त्याच्या शेजारचा कंत्राटदार खोळंब्याची भरपाई मागे. दररोज सुमारे ३० लाख डॉलरचे काम होत असलेल्या ठिकाणी खोळंबा फार महाग पडतो. अशा कामाचे तुकडे किती पाडावे याला पक्के उत्तर नाही. बोस्टनने जरा जास्तच पाडले, असे म्हणावेसे वाटते.

येथपर्यंतची गोष्ट दुर्दैवाची आणि अवघड अभियांत्रिकीची आहे. पुढची तशी नाही.

राज्याच्या महानिरीक्षकांनी २००१ साली या प्रकल्पाच्या वित्तव्यवहाराचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातून असे बाहेर आले की १९९४ च्या अखेरीसच व्यवस्थापन सल्लागारांनी अधिकाऱ्यांना एकूण खर्च सुमारे १,३८० कोटी डॉलर होईल असे सांगितले होते. अखेरच्या आकड्याच्या हा अंदाज किती जवळ होता, हे पाहून मन थक्क होते. पण लोकांपुढे ८०० कोटींच्या आतला आकडा ठेवला गेला. तो कसा? काही कामे ‘प्रकल्पाबाहेरची’ म्हणून वगळली. महागाई हिशोबातून काढून टाकली. काही रकमा वजावट म्हणून दाखवल्या. पुढे अधिकृत आकडा १,०८० कोटींवर नेला तेव्हाही एकत्रित विम्याच्या निधीतून भविष्यात शिल्लक राहील अशी रक्कम आजच्या खर्चातून आधीच वजा केलेली होती. ज्या विमा योजनेने खरोखर पैसे वाचवले, तिच्याच बचतीचा असा उपयोग व्हावा, हे खेदाचे आहे. थकलेल्या कर्जदाराला नवे कर्ज द्यायचे, त्यातून जुना हप्ता वळता करायचा आणि खाते नियमित दाखवायचे, हा प्रकार बँकांच्या तपासणी अधिकाऱ्यांना चांगला परिचित आहे. त्यात खोटी नोंद एकही नसते. प्रत्येक नोंदीला व्हाउचर असते. तरीही ताळेबंद खरे बोलत नाही.

१ फेब्रुवारी २००० रोजी १४० कोटी डॉलरची वाढ जाहीर करावी लागली. केंद्रीय महामार्ग प्रशासनाच्या पथकाने चौकशी केली आणि वाढ जाणूनबुजून दडवली गेल्याचा ठपका ठेवला. एप्रिलमध्ये पथकर प्राधिकरणाच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले. हे प्रकरण तेथेच मिटले नाही, कारण या काळात प्राधिकरणाने जनतेला कर्जरोखे विकले होते. २००३ साली अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने निर्णय दिला की १९९९ मधील रोख्यांच्या माहितीपत्रकांत वाढत्या खर्चाची माहिती द्यायला हवी होती आणि ती दिली गेली नाही. पुन्हा असे न करण्याचा आदेश झाला. पुणे महापालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले, तेव्हापासून महाराष्ट्रातील गुंतवणूकदारांनाही हा विषय परका राहिलेला नाही. महापालिकेचा रोखा घेणाऱ्याने व्याजदर पाहावा, पतमानांकन पाहावे, आणि ज्या कामासाठी पैसा उभा राहतो आहे त्याचा अंदाज शेवटचा कधी सुधारला होता, हेही अवश्य विचारावे.

१९९४ ते २००० ही सहा वर्षे हातातून गेली, हे या प्रकरणातील मोठे नुकसान. आकडा वेळेवर सांगितला असता तर खर्च फार कमी झाला असता असे नव्हे. माती तीच होती, वाहिन्याही त्याच होत्या. पण १,३८० कोटी लागणार हे राज्याच्या विधिमंडळाला तेव्हाच कळले असते, तर काही कामे पुढे ढकलता आली असती, पथकर हळूहळू वाढवता आला असता, केंद्राशी वाटपाची बोलणी सहा वर्षे आधी करता आली असती. प्रत्यक्षात २००० साली काम अर्ध्याहून पुढे गेलेले, बोगदे अर्धवट उघडे, आणि परत फिरण्याचा मार्ग बंद. मग केंद्राने आपला वाटा सुमारे ८५५ कोटी डॉलरवर कायमचा गोठवला आणि त्यावरचा प्रत्येक डॉलर राज्याच्या माथी आला. सौदा करण्याची वेळ टळून गेल्यावर सौदा करू पाहणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे व्यापारी कुटुंबांतील वाचकांना सांगायला नको.

नवा महामार्ग २००३ मध्ये दोन्ही दिशांनी खुला झाला, मग जुना सांगाडा पाडला गेला. पण १० जुलै २००६ च्या रात्री जोडबोगद्याच्या छताचे काँक्रीटचे जड पत्रे एका मोटारीवर कोसळले आणि तीतील महिला मरण पावली. छताचे बोल्ट ज्या इपॉक्सी गोंदाने बसवले होते, तो सततच्या भाराखाली हळूहळू सरकत होता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात असेही निघाले की असे बोल्ट सुटू लागल्याचे १९९९ मध्येच काही ठिकाणी दिसले होते. ते पुन्हा बसवून काम पुढे नेले गेले. ते का सुटतात याचा शेवटपर्यंत छडा लावला गेला नाही. जानेवारी २००८ मध्ये व्यवस्थापन सल्लागार आणि इतर कंपन्यांनी मिळून सुमारे ४५ कोटी ८० लाख डॉलर भरून तडजोड केली.

अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानेच शंभर कोटी डॉलरवरील केंद्रीय साहाय्याच्या प्रकल्पांना दरवर्षी वित्तीय आराखडा देणे बंधनकारक केले होते. बोस्टननंतर त्या अटीला धार आली आणि २००५ मध्ये तिची मर्यादा पन्नास कोटींवर आणली गेली. या आराखड्यात आजवर किती खर्च झाला, किती उरला, गेल्या वर्षीच्या अंदाजात काय बदलले आणि का, आणि उरलेला पैसा कोठून येणार, हे लिहावे लागते. घरबांधणीच्या वहीत शहाणी गृहिणी याहून वेगळे काही लिहीत नाही.

आज जुन्या सांगाड्याच्या जागी सुमारे अडीच किलोमीटर लांबीची उद्यानांची पट्टी आहे. तेथे झाडे आहेत, कारंजी आहेत, बंदराच्या काठापर्यंत पायी जाता येते. तिच्याखालून गाड्या जातात. राज्याने २०१२ मध्ये सांगितलेल्या हिशोबानुसार व्याज धरून या कामाचा बोजा सुमारे २,४०० कोटी डॉलरवर जातो आणि कर्जाची परतफेड २०३८ पर्यंत चालायची आहे.