रसायनकुटी : संहितेतील आणि डोंगरमाथ्यावरील

गेल्या काही वर्षांत सह्याद्रीच्या उतारांवर ‘निसर्गकुटी’ या नावाने लहान लहान निवास उभे राहिले आहेत. त्यांतील कित्येकांशी आपल्याच व्यवसायातील चिकित्सक आणि औषधी-निर्माते जोडलेले आहेत. शोधनोत्तर विश्रांतीसाठी अथवा रसायनसेवनासाठी रुग्णास तेथे पाठविण्याची प्रथाही रूढ होत आहे. या प्रथेस माझा विरोध नाही. परंतु कुटी म्हणजे काय, याचा विचार बांधकाम करणाऱ्याने करावा आणि आपण केवळ शिफारसपत्र द्यावे, ही वाटणी मला मान्य नाही.

हे मत स्वानुभवातून बनले आहे. काही वर्षांपूर्वी निद्रानाशाने त्रस्त असलेल्या एका शिक्षिकेस विरेचनानंतर सात दिवसांच्या निवासासाठी मी अशाच एका ठिकाणी पाठविले. पूर्वी कधीतरी तमकश्वासाचा त्रास होऊन गेल्याची नोंद केसपेपरवर होती. खोली नवी होती. प्लायवूडच्या भिंती, ताजे वॉर्निश, न उघडणारी काचेची खिडकी, वातानुकूलन यंत्र आणि मागील बाजूस जनरेटर. तिसऱ्या रात्री श्वासवेग आला. तेथे वैद्य नव्हता आणि घाट उतरून रुग्णालयात पोहोचेपर्यंत दोन तास गेले. रुग्णा बऱ्या झाल्या, ही दैवाची कृपा. मालकास दोष देऊन मी मोकळी होऊ शकले असते. परंतु ती जागा न पाहता पाठविणारी मीच होते.

त्यानंतर रसायनपादातील कुटीवर्णन मी पुन्हा वाचले, आणि विद्यार्थिदशेत न दिसलेली एक गोष्ट दिसली. आचार्य चरकांची कुटी अरण्यात नाही! ती निर्भय, साधुजनांची वस्ती असलेल्या आणि सर्व उपकरणे सहज मिळतील अशा नगरात, त्याच्या ईशान्येस, उत्तम भूमीवर बांधावयाची आहे. वैद्य व औषधे तेथे सज्ज असावयाची आहेत. एकांत आणि दुर्गमता यांतील हा भेद संहिताकारांना स्पष्ट होता. आपण मात्र रस्ता जितका कठीण तितकी शांती अधिक, असे समजून चाललो आहोत. (त्याच वर्णनात कुटी स्त्रीविवर्जित असावी असेही एक विशेषण आहे. त्यावर, स्त्री-चिकित्सक या नात्याने, आज वाद घालीत नाही.)

उर्वरित विशेषणे एखाद्या अनुभवी गवंड्याने लिहावीत तशी आहेत. पुरेशी लांबी-रुंदी-उंची, जाड भिंती, लहान गवाक्षे, प्रत्येक ऋतूत सुखद, मनास प्रिय, अप्रिय शब्दादींना अगम्य, आणि त्रिगर्भा, म्हणजे एकात एक अशी तीन दालने. ही त्रिगर्भ रचना कोकणातील कोणासही परकी वाटू नये. पडवी, ओटी, माजघर असे आत जाताना ऊन, वारा आणि आवाज पायरीपायरीने कमी होतात. जाड भिंत दिवसाची उष्णता उशिरा आत सोडते. वीज न वापरता ऋतुसुख साधण्याची ही सोय आहे. आज तिला ‘पर्यावरणपूरक’ हे नवे नाव मिळाले आहे, इतकेच.

मात्र देशविचार सोडून केलेले अनुकरण घातक ठरते. सेवाग्रामच्या बापूकुटीची माती-बांबूची भिंत आणि कौलारू छप्पर वर्ध्याच्या कोरड्या उन्हाळ्यात उत्तम. तीच भिंत तीन हजार मिलीमीटर पावसाच्या आनूप प्रदेशात जशीच्या तशी उभी करणे म्हणजे बुरशीस आमंत्रण. हे मी पुस्तकातून शिकले नाही. संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जागेत बांधलेल्या पहिल्या कुटीचे जोते फूटभरच ठेवले होते. श्रावणात भिंतीत गुडघ्यापर्यंत ओल चढली आणि जमिनीत पुरलेले बांबूचे खांब दोन वर्षांत वाळवीने खाल्ले. दुसऱ्या खेपेस जोते अडीच फूट, भिंती जांभ्या चिऱ्याच्या, छप्पर कौलारू आणि वळचण चांगली तीन फूट बाहेर. बांबू बोरॅक्स व बोरिक अम्लाच्या द्रावणात मुरवून दगडी बैठकीवर उभे केले. आतील खोली दहा फूट बाय नऊ फूट, भोवती चार फुटांची मार्गिका, बाहेर तीन बाजूंस पडवी. पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून दार ईशान्येस. मार्गिकेचे कूड कारवीचे आहेत. कारवी आठ वर्षांनी फुलते व बी धरून वाळते. २०१६ नंतर २०२४ मध्ये ती फुलली. बी गळून गेल्यावर वाळलेल्या काठ्याच घेतल्या, हिरवी तोडली नाही.

आता ज्या मुद्द्यावर काही ज्येष्ठ मजवर रुष्ट होतील, तो. या निवासांत एकाच लहान बंद खोलीत रसायनही होते आणि स्वेदनही. संहितेत या वास्तू वेगळ्या आहेत. जेन्ताकाच्या सोळा अरत्नींच्या वर्तुळाकार कूटागारास अनेक वातायने सांगितली आहेत, आणि खैरादी लाकडे जळून धूर गेल्यावरच आत प्रवेश आहे. सूक्ष्म गवाक्षे आहेत ती रसायनकुटीस, जेथे अग्नी नाही. कुटीस्वेदात मात्र गवाक्षरहित दालनात शय्येभोवती अंगाराच्या शेगड्या ठेवावयास सांगितल्या आहेत, हे मी विसरलेली नाही. तेथे मी शब्दप्रामाण्य बाजूस ठेवते. कोळशाच्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, रंग नसतो. सिमेंटच्या भिंती आणि रबर लावलेले दार असलेल्या खोलीत निजलेला रुग्ण जागा होईलच असे नाही. स्वेदनासाठी पेटीत बाहेरून आणलेली वाफ पुरेशी आहे. थंडीत उबेसाठीही आत शेगडी नको, घोंगडी द्यावी.

सांडपाण्याविषयी कोणी बोलत नाही. वमन, विरेचन, बस्ती आणि अभ्यंग करणाऱ्या निवासाचे सांडपाणी सामान्य घरासारखे नसते. स्नानाच्या पाण्यातील तेलाने शोषखड्ड्याची माती बुजते आणि पाणी उताराने ओढ्यास मिळते, ज्या ओढ्यावर खालची वाडी अवलंबून असते. आम्ही स्नानापूर्वी मसुरीच्या पिठाने व फडक्याने तेल पुसून घेतो आणि निचऱ्यावर तेल अडविणारी लहान टाकी ठेवली आहे. शौचालयास दोन खड्डे. एक भरला की तो किमान दीड वर्ष बंद. विहीर दूर आणि चढावर.

औषधी-निर्माते बंधूंना एक विनंती. कुटीभोवती गुळवेल, अडुळसा, शतावरी जरूर लावावी, परंतु त्यासाठी असलेली झाडी सपाट करू नये. औषधीवन दाखविण्यासाठी ऐन, किंजळ तोडलेले मी पाहिले आहे.

प्रत्येक रुग्णास कुटी हवी, असेही नाही. ज्यास वेळ नाही, ऐपत नाही अथवा परस्वाधीन आयुष्य आहे, त्याच्यासाठी वातातपिक विधी आचार्यांनीच दिला आहे. माझ्याकडील बहुतेक रुग्ण याच वर्गातील असून घरीच आमलकी रसायन घेतात.

संघटनेपुढे माझी सूचना एवढीच की, सदस्याने अशा निवासाची शिफारस करण्यापूर्वी तेथे स्वतः एक रात्र निजावे, शक्य तर पावसाळ्यात, आणि जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते घड्याळ लावून पाहावे. आमच्या कुटीपासून ते पंचवीस मिनिटे आहे. ज्यांना मोजमापे हवी आहेत, त्यांनी कार्तिकानंतर कधीही यावे. आश्विनात कौले परतावयास काढतो, तेव्हा निजावयास जागा नसते.