आईची वही

परवा दांडिया बाजारातील आमच्या गायनवर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "मास्तर, फोनमध्ये आरोग्याची इतकी ॲप असताना आईसाहेब अजून वहीतच रक्तदाब लिहितात?" प्रश्न साधा, पण मला तो बरेच दिवस पुरला.

गेल्या थंडीत मीच आईच्या फोनवर असे एक ॲप घालून दिले होते. अक्षरे बारीक, भाषा इंग्रजी, आणि आरंभीच फोनमधील साऱ्या नावांची मागणी. आई म्हणाली, "अरे, माझा रक्तदाब मोजायला माझ्या बहिणींचे नंबर कशाला?" मजजवळ उत्तर नव्हते. तरी माझ्या आग्रहाखातर ती आकडे भरी. एका रात्री वरचा आकडा १८० झाला. ॲपने तांबड्या इंग्रजी अक्षरांत इशारा दिला. फोन बिघडला असे समजून आईने तो मिटला व ती निजली. सकाळी डॉक्टरांनी वही पाहिली आणि तत्काळ औषध बदलले. रात्र सुखरूप गेली, हे आमचे नशीब.

माणूस नवे साधन का स्वीकारतो, याचा विचार फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ साली कचेरीतील संगणकांच्या संदर्भात मांडला. त्याचा उपयोग काय, आणि ते वापरावयास सोपे आहे काय, हे दोन प्रश्न त्यांनी मुख्य मानले. २००३ साली व्यंकटेश व त्यांचे सहकारी यांनी त्यांत जवळच्या माणसांचे मत आणि अडल्यास मिळणारी मदत यांचीही भर घातली. आरोग्याच्या बाबतीत मी विश्वास हाही एक प्रश्न धरीन. आपले दुखणे आपण कोणालाही सांगत नाही.

सक्तीने हा विश्वास येत नाही. 'आरोग्य सेतु' एप्रिल २०२० मध्ये आले व ४१ दिवसांत १० कोटी लोकांनी ते उतरवून घेतले. मे महिन्यात कचेऱ्यांत ते सक्तीचे होताच माहिती जाते कोठे, हा वाद पेटला. २६ मे रोजी सरकारने त्याची मूळ संकेतावली लोकांसाठी खुली केली. उतरवून घेणे निराळे, आणि मनापासून वापरणे निराळे.

बडोदेकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. १८८६ साली सयाजीराव महाराजांनी येथे गायनशाळा काढली आणि ती मौलाबक्षांच्या हाती सोपविली. मौलाबक्षांनी स्वरलिपी रचून पुस्तके छापली. माझे वडील तरुणपणी, संस्थानाच्या अखेरच्या वर्षांत, दरबारच्या कलावंत कारखान्यात होते. मी त्यांच्या पन्नाशीतला मुलगा. ते मला सांगत, "लिपी चांगलीच आहे, पण शेजारी बसून कोणी ऐकणारा हवा."

आईच्या वहीचे मर्म हेच आहे. डॉक्टर ती दर भेटीस उघडतात आणि विचारतात, "काकू, गुरुवारी काय झाले होते?" ॲपमधील आकडे कोण वाचतो, हे तिला कधी कळलेच नाही.

मी ॲपविरोधी नाही. तो इशारा मराठीत असता तर त्या रात्रीच आम्ही डॉक्टरांना उठविले असते. ॲप करणाऱ्यांनी आमच्या भाषेत बोलावे, गरजेपुरतेच विचारावे, आणि डॉक्टरांनी ते उघडून पाहावे. मग आई वही आपणहून मिटील.